पोलंडचं रूबार्ब आणि विक्रोळीतला ओव्हन

४५० ग्रॅमचं पाकीट, किंमत ६४० रुपये, घटक एकच: गोठवलेलं रूबार्ब, म्हणजे एका विलायती झाडाच्या आंबट दांड्या. जून-जुलैत मिळून अशी तीन पाकिटं घरात आली. एक परत केलं, दोन संपवली. मुंबईत बसून रूबार्बचे मफिन करावेत असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. वस्तू महाग आहे, तेव्हा निदान माझ्या पहिल्या दोन घाण्यांसारखी वाया जाऊ नये.

रूबार्ब मला भेटलं २०१९ साली. लेकीच्या बाळंतपणाला मार्चमध्ये लीड्सला गेले ती जूनपर्यंत राहिले. डिंकाचे, मेथीचे लाडू वळून झाले होते, हळीव भिजत पडले होते, आणि एप्रिलच्या शेवटी शेजारच्या बाईंनी कुंपणावरून हातभर लांब, लालसर दांड्यांची एक जुडी दिली. पानं त्यांनी आधीच कापून टाकली होती. लेक म्हणाली, "आई, कच्चं चावून बघ जरा." बघितलं. चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखं आंबट, पण त्याहून तीक्ष्ण, आणि मागाहून दातांवर एक खरखरीत थर. तो थर मला कुठूनतरी ओळखीचा वाटला. त्याच संध्याकाळी लेकीने त्या दांड्यांचे मफिन केले, आणि नातीला मांडीवर घेऊन मी उभ्याउभ्याच दोन खाल्ले.

लीड्सच्या दक्षिणेचा वेकफिल्ड, मोर्ली, रॉथवेल हा पट्टा रूबार्बसाठी नावाजलेला आहे. तिथे हिवाळ्यात जे काढतात त्याची रीत मला फार विलक्षण वाटली. झाडाची मुळं दोन वर्षं शेतात वाढवायची, त्यांच्यातून एकही दांडी खुडायची नाही. मग थंडीचा कडाका मुळांना लागला की ती उपटून अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये लावायची. उजेड नसल्यामुळे झाड नवं अन्न बनवू शकत नाही, मुळात साठवलेल्या पिष्टावरच दांड्या वाढवतं. त्या होतात गुलाबी, कोवळ्या, कमी तंतूंच्या. काढणीही मेणबत्तीच्या उजेडात होते, कारण लख्ख प्रकाश पडला तर वाढ बिघडते. २०१० साली युरोपीय आयोगाने 'यॉर्कशायर फोर्स्ड रूबार्ब' या नावाला आपल्या भौगोलिक मानांकनासारखं संरक्षण दिलं. आमच्याकडे आलेली जुडी मात्र वसंतातली, उघड्यावर वाढलेली होती: जास्त हिरवी, जास्त आंबट, आणि देणारीने कौतुकाने दिलेली.

विक्रोळीला परत आल्यावर पाच वर्षं मी रूबार्बची जागा भरून काढत होते. एप्रिलमध्ये कैरी, मे महिन्यात वसईकडच्या बायका स्टेशनबाहेर घेऊन बसतात ती करवंदं, कधी कमरख. कैरीचे मफिन छान होतात, माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांना तेच आवडतात. पण कैरीला स्वतःचा वास आहे आणि तो लपत नाही. रूबार्बला वास जवळजवळ नाहीच. नुसता आंबटपणा आणि शिजल्यावर जिभेवर विरघळणारा तंतू. तो कैरीत येत नाही.

मग मे महिन्यात भाचीने सांगितलं की गोठवलेलं मिळतं. पहिलं पाकीट मोबाइलवरून घरपोच मागवलं, आणि तेच परत करावं लागलं. पिशवीच्या आत एकच घट्ट ढेकूळ होतं. मटारचं चांगलं पाकीट हलवलं की दाणे खुळखुळतात ना, तसे रूबार्बचे तुकडे सुटे असायला हवेत, कारण कारखान्यात ते सुटेच गोठवलेले असतात. ढेकूळ झालं म्हणजे माल वाटेत वितळून पुन्हा गोठला. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी तीन वेळा फोन करावे लागले आणि पाकिटाचे चार बाजूंनी फोटो पाठवावे लागले.

म्हणून पुढची दोन पाकिटं मी स्वतः जाऊन आणली, वांद्रे पश्चिमेच्या एका परदेशी किराणा विकणाऱ्या दुकानातून. दुकान लहान आहे, फ्रीझर दारापासून दूर आहे आणि त्याच्या काचेवर बर्फाचे थर नाहीत, ही मला चांगली खूण वाटली. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "बाळा, सुटं आहे का बघू दे." त्याने कंटाळा न करता तीन पाकिटं बाहेर काढली, कानाजवळ नेऊन हलवून दाखवली आणि म्हणाला, "मावशी, हे घ्या, कालच आलंय." पाकिटावर पोलंडचं नाव, आयातदाराचा स्वच्छ छापलेला पत्ता, हिरवा ठिपका, आणि पुढच्या वर्षीची तारीख. साखर नाही, रंग नाही. दुकानाला माझे पूर्ण गुण, त्या मुलाला त्याहून जास्त.

खरी परीक्षा घरी नेण्याची. वांद्र्याहून दादर, दादरला पूल ओलांडून धीमी लोकल, विक्रोळीला उतरून कन्नमवार नगरपर्यंत शेअर रिक्षा. दीड तास कुठे गेला नाही. मी पाकीट आधी वर्तमानपत्राच्या चार पदरांत, मग जाड टॉवेलात गुंडाळलं आणि मासे आणायच्या थर्माकोलच्या डब्यात ठेवलं. घरी पोचल्यावर खुळखुळ शाबूत होती. दुपारी बाराच्या आत गेलात तर गाडीत डबा मांडीवर ठेवायला जागाही मिळते.

पाकीट उघडल्यावर दिसतात बोटभर जाडीचे, इंचभर लांबीचे तुकडे. काही गुलाबी, बरेचसे हिरवट, मधेच एखादा पूर्ण हिरवा. लीड्सच्या आठवणीतला लालसर रंग शोधाल तर निराशा होईल. चवीला काही कमी नाही, हिरवा तुकडा उलट जास्त आंबट असतो. तंतू मात्र ताज्यापेक्षा जास्त जाणवतात. दोन्ही पाकिटांत मिळून चार-पाच तुकड्यांची साल दोरीसारखी निघाली. ती ओढून काढावी लागली, शेवग्याच्या शेंगेची काढतो तशी.

पहिल्या घाण्याला मी पाकीट मटारासारखं बाहेर ठेवून वितळवलं. तासाभराने चाळणीखाली वाटीभर गुलाबी पाणी आणि चाळणीत लिबलिबित चोथा. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा कारण कळत होतं, फक्त आधी आठवलं नाही. रूबार्बमध्ये शंभर ग्रॅमला चौऱ्याण्णव ग्रॅम पाणीच असतं. गोठताना त्या पाण्याचे स्फटिक होतात, ते पेशींच्या भिंती फाडतात, आणि वितळलं की फाटक्या पेशी पाणी धरून ठेवत नाहीत. मफिन मधोमध खचले, तळ खिरीसारखा. तेव्हा हे पाकीट वितळवू नका. तुकडे फ्रीझरमधून थेट सुरीखाली, प्रत्येकाचे दोन भाग, त्यांना दोन चमचे मैदा चोळायचा आणि लगेच पिठात. ओव्हनमध्ये ते आपलं पाणी हळूहळू सोडतात आणि भोवतीचं पीठ ते पिऊन घेतं. त्या वाटीभर गुलाबी पाण्याचं साखर घालून सरबत केलं. ते इतकं सुंदर झालं की सासूबाईंनी, ज्या ८६ वर्षांच्या आहेत आणि कोकमाशिवाय दुसऱ्या सरबताला सरबत म्हणत नाहीत, त्यांनी दुसरा पेला मागितला.

दुसऱ्या घाण्यात माझी चूक सोड्याची. ताक आंबट, रूबार्ब आंबट, मग सोडा सढळ हवा असं धरून मी सपाट चमचाभर घातला. भाजून आलेल्या मफिनमध्ये तुकड्यांच्या कडेला निळसर करडी वलयं होती आणि चव साबणाकडे झुकलेली. आठवीच्या मुलांकडून मी जास्वंदीच्या पाकळ्यांचा दर्शक करून घ्यायचे. आम्लात लाल, आम्लारीत हिरवट. रूबार्बचा लाल रंगही त्याच जातीच्या रंगद्रव्याचा आहे. सोडा उरला की तो रंग बदलणारच. पाव चमचा सोडा पुरतो, बाकी फुगवण्याचं काम बेकिंग पावडरकडे द्यायचं.

तिसऱ्या घाण्याचं प्रमाण आता वहीत पक्कं लिहून ठेवलंय. अडीचशे ग्रॅम मैदा, दीडशे ग्रॅम साखर, दोन चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा सुंठ हे एकत्र चाळायचं. इंग्रजांकडेही रूबार्ब आणि आल्याची जोडी जुनी आहे, आणि आपली सुंठ त्यात फार शोभते. वेलची घालून पाहिली, ती रूबार्बची चव झाकून टाकते. दुसऱ्या भांड्यात दोन अंडी, ऐंशी ग्रॅम वितळवलेलं लोणी आणि दोनशे मिलिलिटर ताक. आमच्याकडे सायीचं लोणी अजून घरी निघतं, म्हणून लोणी बिनमिठाचं आणि ताक त्याच घुसळणीतलं. विकतचं लोणी घेणार असाल तर बिनमिठाचं घ्या, नाहीतर वरचं चिमूटभर मीठ वगळा. ओलं कोरड्यात ओतून डावाने दहा-बारा वेळा फिरवायचं, बस. मैद्याच्या गुठळ्या दिसल्या तरी हात थांबवायचा. जितकं घोटाल तितका मैद्याचा चिकटपणा ताणला जातो आणि मफिन चिवट होतो. शेवटी अडीचशे ग्रॅम रूबार्ब. बारा मफिन होतात. वरून मैदा, साखर आणि थंड लोणी बोटांनी चोळून केलेला चुरा पसरायचा. तो ऐच्छिक नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आतल्या आंबट ओलसरपणाला वर काहीतरी कुरकुरीत, गोड लागतंच.

ओव्हन १९० अंशांवर, बावीस ते पंचवीस मिनिटं. माझ्या ओटीजीचं बटण १८० वर असलं की आत २०५ होतात, हे मला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या गल्लीतून साडेतीनशे रुपयांना आणलेल्या तापमापीमुळे कळलं. त्याआधी वर्षभर मी करपलेल्या कडांसाठी पाककृतींनाच दोष देत होते. रूबार्ब आणायचा विचार असेल तर आधी ही तापमापी आणा. साचा मात्र साधा ॲल्युमिनियमचा चालतो, फक्त कागदी वाट्या घाला. उघड्या ॲल्युमिनियमला हे आम्ल लागतं आणि पदार्थाला धातूची चव येते. पितळेच्या पातेल्यात कल्हईशिवाय सार करू नये हे आपल्या आयांनी सांगितलेलंच आहे, इथेही तेच. रूबार्ब शिजवायचं तर स्टीलमध्ये.

आता तो दातांवरचा थर. तिसऱ्या घाण्याच्या दिवशी सासूबाईंनी एक कच्चा तुकडा चघळला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर चुका." मी पुस्तक काढून पाहिलं. आंबट चुका आणि रूबार्ब खरोखरच एकाच वनस्पतिकुळातले आहेत. श्रावणात अळूच्या पातळ भाजीत आपण ज्याची जुडी हमखास घालतो, तो चुका या विलायती दांड्यांचा भाऊबंद निघाला, आणि ते राजापूरच्या एका म्हातारीच्या जिभेने माझ्या एकतीस वर्षांच्या विज्ञानाआधी ओळखलं. दोघांतही ऑक्झॅलिक आम्ल असतं. तोंडात, लाळेतल्या कॅल्शियमशी त्याचं जे होतं तोच तो खरखरीतपणा. अळूतही ऑक्झॅलेटच, फक्त तिथे ते सुईसारख्या स्फटिकांत असतं म्हणून घसा खवखवतो. गंमत म्हणजे, रूबार्बला इंग्रज दुधाच्या कस्टर्डबरोबर खातात आणि आपण अळू ताकात शिजवतो. दोन्हीकडे दुधातलं कॅल्शियम त्या आम्लाला आधीच बांधून टाकतं. रूबार्बच्या मफिनमध्ये दुधाऐवजी पाणी घालून पाहिलेल्यांना मी म्हणेन, ताकच घाला.

अर्थात दुसऱ्याच दिवशी बाजारातून चुक्याची जुडी आणून मी मफिन केले. पानं काढून नुसते देठ घेतले. चव जवळ जाते, खरंच जाते, पण देठ बारीक असल्यामुळे पिठात हरवतात. तुकडा म्हणून दाताखाली काही येत नाही आणि रंग शेवाळी होतो. वीस रुपयांत हे मिळतं म्हणून वाईट वाटत नाही, पण पाहुण्यांसमोर ठेवणार नाही. चुका पातळ भाजीतच राहू दे, तिथे त्याच्याइतकं कोणी नाही.

ऑक्झॅलेटमुळेच एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. आमच्या ह्यांना चार वर्षांपूर्वी मुतखड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी पालक जपून खायला सांगितला होता. रूबार्बमध्ये ऑक्झॅलेट पालकाप्रमाणेच भरपूर. पाकिटावर याबद्दल एक अक्षर नाही, आणि या वस्तूबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. ह्यांना मी रूबार्बचा मफिन देत नाही. त्यांच्यासाठी त्याच पिठातले चार सफरचंदाचे वेगळे काढते आणि कागदी वाटीवर पेनने खूण करते. ज्यांच्या घरी मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि कोणाला गावाकडून, डोंगरातून किंवा परदेशातल्या बागेतून पानांसकट रूबार्ब मिळालं, तर पानं टाकून द्या. ती विषारी असतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये भाजीपाल्याची टंचाई असताना लोकांना ही पानं खायला सुचवलं गेलं होतं आणि त्यातून विषबाधा झाल्या. आपल्याकडे पानं वाया घालवायची नाहीत ही सवय हाडात असते, म्हणून मुद्दाम लिहिलं. गोठवलेल्या पाकिटात नुसते देठ असल्याने ती चिंता उरत नाही, हा त्याचा एक मोठा फायदा.

काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रेवंदचिनी रूबार्बच्याच गोतातल्या झाडाचं मूळ. ते रेचक आहे. मफिनशी त्याचा संबंध नाही, नावाच्या गोंधळात कोणी ते विकत घेऊ नये.

पावसाळ्यातल्या मुंबईत मफिन टिकण्याचा प्रश्न वेगळाच. पहिल्या दिवशी वरचा चुरा कुरकुरीत, दुसऱ्या सकाळी मऊ, आणि ओट्यावर ठेवलेत तर तिसऱ्या दिवशी बुरशी. आतल्या दांड्यांतला ओलावा आणि बाहेरची हवा दोन्हीकडून मारा असतो. मी पूर्ण गार झाल्यावर डब्यात कोरडा रुमाल घालून फ्रिजमध्ये ठेवते आणि खाताना ओटीजीत पाच मिनिटं गरम करते. चुरा पुन्हा कुरकुरीत होतो. मायक्रोवेव्हमध्ये होत नाही.

पैशांचं बोलायचं तर अडीचशे ग्रॅम रूबार्ब म्हणजे साडेतीनशे रुपये, बारा मफिनमागे. एका मफिनला तीस रुपये नुसत्या देठांचे. रोजच्या डब्याची ही गोष्ट नाही. त्याच पैशांत कैरीच्या दिवसांत मी चार घाणे काढते. शेजारच्या वहिनींनी विचारलं तेव्हा मी त्यांना सांगितलं, नवीन चव म्हणून घ्यायचं असेल तर आधी माझ्याकडे एक खाऊन बघा, आवडलं तरच वांद्र्याला जा. त्यांना ते आवडलं, पण कैरीचे जास्त आवडले. त्यांच्या मुलाचं उलट.

माझ्यापुरतं, हे पाकीट मला पटलं. रंगाला कमी गुण, तंतूंना कमी गुण, इशारा न छापल्याबद्दल कमी गुण, चवीला पूर्ण. डोळे मिटून खाल्लं की ती चव तीच आहे. डिसेंबरमध्ये लेक नातीला घेऊन येतेय. नात आता शाळेत जाते आणि तिच्या आईच्या म्हणण्यानुसार मफिनमधले रूबार्बचे तुकडे आधी वेचून खाते, उरलेलं मफिन मग. नोव्हेंबरच्या शेवटी वांद्र्याला एक फेरी मारणार आहे. पाकिटं दोन घेईन, आणि काउंटरवर तोच मुलगा असला तर त्याच्यासाठी डब्यात दोन मफिन नेईन.